मायकलअँजेलो, संगमरवर आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी हातात छिन्नी

वैजू_क
गेल्या महिन्यात फ्लॉरेन्सला जाऊन आले. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आकादेमिया संग्रहालयात सगळी गर्दी डेव्हिडच्या पुतळ्याकडे धावते. त्याच्याकडे नेणाऱ्या लांब दालनात दोन्ही बाजूंना मायकलअँजेलोचे चार 'कैदी' उभे आहेत. पोप ज्युलियस दुसरा याच्या थडग्यासाठी घडवायला घेतलेले आणि अर्धवट राहिलेले. लोक मोबाइल वर धरून त्यांच्यासमोरून पुढे जात होते. मी मात्र तिथेच अडकले. त्यातल्या एकाला अ‍ॅटलस म्हणतात. त्याचं डोकं अजून दगडातच आहे. म्हणजे मान दिसते, खांदे दिसतात, आणि वर चेहऱ्याच्या जागी चौकोनी धोंडा. मांडीवर दातेरी छिन्नीच्या रेघा, शेतात दाताळं फिरवल्यावर उमटतात तशा समांतर. जवळ गेलं की कळतं, या रेघा सरळ नाहीत, मांडीच्या गोलाईबरोबर वळतात. पाचशे वर्षांपूर्वी तो हात कसा फिरला ते जसंच्या तसं समोर.

मला एकदम आजोळची टाकीवाली आठवली, जातं-पाटा छिन्नीने टोचून देणारी. 'टाकीऽऽ लावा टाकी' अशी हाळी देत यायची. आजी जातं उलगडून अंगणात मांडायची आणि ती बाई मांडी घालून, डोळे बारीक करून, पेठावर ठकठक करत बसायची. दगडाचा तो जळका वास अजून नाकात आहे.

तर प्रश्न असा. हा माणूस १४७५ मध्ये जन्मला आणि १८ फेब्रुवारी १५६४ ला गेला. सिस्टिन चॅपलचं छत रंगवलं, सेंट पीटरच्या घुमटाचा आराखडा केला, कविता लिहिल्या. पैसा होता, नाव होतं. तरी मरणाच्या जेमतेम आठवडाभर आधीपर्यंत तो एका संगमरवरी शिळेसमोर उभा राहून छिन्नी चालवत होता, कुणी सांगितलेलं काम नसताना. ही कसली ओढ? दगडाची, देवाची, की नुसता हट्ट?

दगडात किंवा कुठल्याही एकाच माध्यमात आयुष्य घालवलेले कुणी इथे असतील तर जरूर लिहा.

सुमेधा_जो
काय सुरेख लिहिलंयस वैजू. टाकीवालीची हाळी कानात वाजली. आमच्याकडे पाट्याला टाकी लावून झाली की आई पहिल्यांदा थोडे तांदूळ वाटून टाकून द्यायची, कच निघून जावी म्हणून.

शिल्पी_सांगली
मी गेली बावीस वर्षं दगडात काम करतो, त्यामुळे राहवलं नाही.

ओढ कसली, याचं उत्तर बरंचसं त्यानेच देऊन ठेवलंय. १५४७ च्या सुमारास बेनेदेत्तो वार्की या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, शिल्प म्हणजे काढून टाकत केलेलं काम, आणि जे भर घालत होतं ते चित्रकलेच्या जवळचं. त्याच्या हिशेबाने मातीकाम शिल्पकलेत धरायचंच नाही. मला हा फरक हाताने कळला. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात असताना मातीत नाक चुकलं तर चिमूटभर माती लावायची आणि पुढे जायचं. पहिल्यांदा संगमरवर हातात घेतला तेव्हा तीन दिवस मला घाव घालवेना. कारण गेलं ते गेलं.

कामाची पद्धत सांगतो, म्हणजे वैजूताईंना त्या रेघा नीट कळतील. आधी टोकदार छिन्नी आणि जड हातोडा, मोठे कपचे उडवायला. मग दातेरी छिन्नी. ती दगडावर फणीसारखी फिरते आणि आकार शोधत जाते. मग चपटी छिन्नी, मग कानस, मग घासणं. मायकलअँजेलोचं वेगळेपण असं, की तो बराचसा आकार दातेरी छिन्नीवरच घडवायचा. आणि समोरून आत शिरायचा. वसारी हा त्याचा चरित्रकार, त्याला प्रत्यक्ष ओळखणारा. त्याने याला फार छान उपमा दिलीय. मेणाची बाहुली पाण्याच्या भांड्यात आडवी ठेवा आणि हळूहळू वर उचला. आधी सगळ्यात उंच भाग बाहेर येतात, मग बाकीचं अंग. कैद्यांकडे बघताना तेच दिसतं. गुडघा, पोट, छाती पाण्याबाहेर, बाकी सगळं अजून बुडालेलं.

नवा_गडी
म्हणजे 'मला दगडात देवदूत दिसला आणि त्याला मोकळं करेपर्यंत मी कोरत राहिलो' ते वाक्य खरं तर!

शिल्पी_सांगली
ते वाक्य त्याच्या नावावर सगळीकडे फिरतं, पण त्याच्या पत्रांत किंवा कवितांत ते नाही. त्याच्या एका सुनीतात मात्र जवळचा विचार आहे: उत्तमातल्या उत्तम कलाकाराच्या मनात अशी कुठलीही कल्पना येत नाही जी एका शिळेच्या पोटात आधीच नाही, आणि तिथपर्यंत फक्त बुद्धीचं ऐकणारा हातच पोचतो. यात हाताचा उल्लेख आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पेणकर
शिल्पीदादा, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, मातीला खालचं म्हटलेलं मला पटलं नाही. आमच्या घरात चौथी पिढी गणपती करते. शाडू हातात घेतला की तुम्हाला घाई करता येत नाही आणि आळसही करता येत नाही. ऊन जास्त झालं तर तडकते, पाऊस लांबला तर सुकत नाही. बोटाचा दाब किंचित चुकला तर सोंडेचं वळण मेलं. आणि एवढं करून ती मूर्ती दहा दिवसांत पाण्यात जाते. जी गोष्ट टिकणारच नाही तिच्यावर जीव लावायला कमी निष्ठा लागते का?

शिल्पी_सांगली
नाही पेणकर, कमी नाही, आणि तसं माझ्या लिहिण्यातून वाटलं असेल तर माफ करा. ते मत मायकलअँजेलोचं. मी स्वतः प्रत्येक काम आधी मातीतच करतो. तोही मेणाचे आणि मातीचे छोटे नमुने करायचाच.

कातळ
धाग्याचं शीर्षक वाचलं तेव्हाच वाटलं होतं, दगड विरुद्ध माती होणार. आता धातूवाले आले की पंगत पूर्ण. :)

भूगर्भ
निवृत्त भूवैज्ञानिक आहे, त्यामुळे दगडाच्या बाजूने चार शब्द.

संगमरवर म्हणजे मुळात समुद्रतळाचा चुनखडक. डोंगर घडताना तो दाबाखाली आणि उष्णतेत सापडला आणि त्यातलं कॅल्साइट नव्याने स्फटिकरूप झालं. इटलीतल्या काराराच्या पांढऱ्या संगमरवरात हे स्फटिक बारीक आणि एकसारखे आहेत, म्हणून छिन्नी कुठल्याही दिशेने चालते. कॅल्साइटची कठीणता १ ते १० च्या मोजपट्टीवर ३. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, त्यातली खनिजं ६ च्या आसपास. त्यामुळे हेमाडपंती देवळावर कोरीवकाम करणाऱ्या आपल्या पाथरवटाचा हात किती तयार असेल याचा विचार करा.

पण संगमरवराकडे एक गोष्ट आहे जी बेसॉल्टकडे नाही. उजेड त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही. थोडा आत शिरतो, स्फटिकांवर आपटून परत येतो. आपल्या त्वचेतही तेच होतं. म्हणून संगमरवरी गाल जिवंत वाटतो. ज्याला आयुष्यभर माणसाचं उघडं शरीरच घडवायचं होतं, तो दुसरा दगड कशाला शोधेल?

सुमेधा_जो
काका, घरगुती प्रश्न. आमच्या संगमरवरी ओट्यावर आमसुलाच्या पाण्याचा डाग पडलाय, निघता निघत नाही. काय करू?

भूगर्भ
तो डाग नाही, चरा आहे. आमसूल, लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही आंबट पडलं की कॅल्साइट विरघळतं आणि तेवढ्या जागेची झिलई जाते. धुऊन जाणार नाही. पॉलिशवाल्याला बोलवा, आणि सोलकढी दुसरीकडे करा.

खवय्या_कोल्हापूर
खाण्याचा विषय निघालाच आहे तर अवांतर. काराराच्या खाणींच्या वर कोलोन्नाता नावाचं गाव आहे. तिथे डुकराची चरबी संगमरवराच्या हौदात मीठ, लसूण, रोजमेरी, मिरी लावून सहा महिने तरी मुरवतात. खाणकामगारांची शिदोरी होती ती. पातळ काप, पाव आणि टोमॅटो. मी तिथे जाऊन खाल्लंय, तोंडात ठेवलं की विरघळतं. आपल्याकडे दगडीत दही लावतात तसंच की!

भूगर्भ
चरबी आंबट नाही म्हणून जमतं. त्या हौदात कैरीचं लोणचं घातलंत तर लोणचं हौद खाईल.

मृण्मयी
सगळे प्रतिसाद वाचले, छान आहेत. पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे.

आपण 'कलाकाराची निष्ठा' म्हणतो तेव्हा त्या दगडाला डोंगरावरून खाली आणणारी माणसं कुठे असतात? कारारात शिळा खाली उतरवायची पद्धत अशी होती की लाकडी घसरणीवर शिळा ठेवायची, ओंडक्यांना साबण लावायचा, मागून दोरखंडांनी धरायचं आणि इंच इंच सोडायचं. पुढचा माणूस शिळेसमोर उभा राहून मागून सुटलेले ओंडके पुढे लावणार. दोर तुटला तर पहिला तो. विसाव्या शतकातही हे चालू होतं. मायकलअँजेलोच्या १५१८ च्या पत्रातच आहे, खांबाची शिळा उतरवताना एक माणूस मान मोडून जागच्या जागी गेला आणि तो स्वतःही थोडक्यात वाचला. त्या मेलेल्या माणसाचं नाव कुणाला माहीत आहे?

मी कैद्यांसमोर उभी राहिले तर मला आधी तो माणूस आठवेल.

वैजू_क
मृण्मयी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मला हे माहीत नव्हतं. टाकीवालीचं नावही मला आठवत नाही, हे तुझा प्रतिसाद वाचताना टोचलं.

शिल्पी_सांगली
मृण्मयीताईंचा मुद्दा शंभर टक्के खरा. त्यात एवढीच भर घालतो की हा माणूस त्या खाणीपासून दूर राहणारा नव्हता. बाळपणी त्याला सेत्तिन्यानो गावी दाईकडे ठेवलं होतं, ती पाथरवटाची मुलगी आणि पाथरवटाचीच बायको. छिन्नी-हातोडा मला दाईच्या दुधातूनच मिळाला, असं तो वसारीला म्हणायचा. १५०५ मध्ये थडग्यासाठी दगड निवडायला गेला तो आठ महिने कारारात राहिला, दोन माणसं आणि एक घोडा बरोबर घेऊन.

मग पोप लिओने सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भागाचं काम दिलं आणि दगड सेरावेझ्झाच्या नव्या खाणीतून आणायला लावला. तिथे रस्ताच नव्हता. म्हणजे आधी दलदलीतून आणि डोंगरातून रस्ता. १५१९ मध्ये एक मोठा खांब उतरवताना लोखंडी कडी तुटली आणि खांबाचे तुकडे नदीत गेले. त्याने पत्रात लिहिलंय, कडी फुटल्यावर आत बघितलं तर भरीव लोखंड चाकूच्या पाठीएवढंही नव्हतं. लोहाराने फसवलं होतं. आणि १५२० मध्ये ते अख्खं कामच रद्द झालं. वयाच्या चाळीस ते पंचेचाळीस या उमेदीच्या वर्षांतला केवढा काळ डोंगरात गेला, आणि त्या दर्शनी भागाचा एक दगडही बसला नाही. आजही त्या चर्चचा पुढचा भाग ओबडधोबडच आहे.

ते कडीचं वाचून मला माझा अनुभव आठवला. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून राजस्थानातल्या मकराण्याची शिळा घेतली. पांढरीशुभ्र, वाजवून बघितली तर घंटेसारखी. दोन महिने काम केलं. खांद्यापाशी आलो आणि एक घाव बद्द वाजला. दगडात चीर असली की आवाज मरतो. घासून बघितलं तर चिरेत मेण आणि दगडाची पूड भरून वरून झिलई दिलेली. सबंध हात निखळून आला. त्या रात्री मी कार्यशाळेचं दारही लावलं नाही, तसाच घरी गेलो.

त्यानंतर घेतलेली एक शिळा चार वर्षं अंगणात पडून आहे. साडेतीन फूट उंच, डाव्या बाजूला एक करडी रेघ. ती रेघ नुसती रंगाची आहे की चीर, हे कळत नाही म्हणून हात लावलेला नाही.

पेणकर
दादा, हात निखळला हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे एका वर्षी पुराचं पाणी कारखान्यात शिरलं आणि रंगाला आलेल्या मूर्तींचा रात्रीत गाळ झाला होता. वडिलांनी सकाळी काही न बोलता तोच गाळ चाळायला घेतला. दगडाला ही सोय नाही. आता मला तुमचं 'गेलं ते गेलं' समजलं.

कातळ
कारारावरून एक गोष्ट आठवली. तिथे असताना मायकलअँजेलोच्या मनात आलं होतं की समुद्राकडे तोंड असलेला एक अख्खा डोंगरच कोरून त्याचा महापुतळा करावा, खलाशांना लांबून दिसेल असा. कोंदिवी नावाच्या त्याच्या शिष्याने हे लिहून ठेवलंय. ते राहून गेलं याची हळहळ त्याला होती.

त्याच्या सातेकशे वर्षं आधी आपल्या वेरूळला लोकांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली येत कैलास कोरून काढला होता. काढून टाकत केलेलं काम, चुकलं तर भर घालायची सोय नाही, आणि दगड काळा कठीण. तिथे एकेका माणसाची निष्ठा नाही, पिढ्यांची. नावं एकाचीही नाहीत, मृण्मयीताई.

राहाता_एक
संगमरवर आणि इटली निघालं आणि शिर्डीचं कुणी लिहिलं नाही अजून?

समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती बाळाजी तालीम यांनी घडवली. ७ ऑक्टोबर १९५४, विजयादशमीला तिची प्रतिष्ठापना झाली. दगड इटालियन संगमरवर. तो मुंबई बंदरात येऊन पडला होता, कुणी मागवला ते कळेना, शेवटी लिलावात निघाला आणि संस्थानाकडे आला, असं आमच्याकडे सगळे सांगतात. तालीमांच्या हाताशी बाबांचा एक कृष्णधवल फोटो, तोही समोरून. बाजूने चेहरा कसा, पाठ कशी, हे सगळं त्या एका फोटोवरून काढायचं.

माझे आजोबा एक गोष्ट सांगायचे. काम संपत आलं तेव्हा डाव्या गुडघ्याखाली दगडाचा एक भाग काढायचा राहिला होता. घाव चुकला तर पायच जाईल म्हणून कारागीर हात लावेनात. तालीम बराच वेळ मूर्तीसमोर बसून राहिले, प्रार्थना केली, आणि मग काम पुढे न्यायला सांगितलं. तेवढाच तुकडा अलगद निघाला. आजोबा हे सांगताना स्वतःचा गुडघा धरायचे. मी दर्शनाला गेलो की अजून आधी तिथेच नजर जाते.

वैजू_क
अंगावर काटा आला. इतक्या वेळा शिर्डीला गेले, हात जोडले, पण ती मूर्ती कुणीतरी बसून *घडवली* आहे हा विचार एकदाही मनात आला नव्हता.

शिल्पी_सांगली
राहाता, मनापासून आभार. तो गुडघा प्रत्येक शिल्पकाराच्या आयुष्यात एकदा येतोच.

मुंबईकरांसाठी आणखी एक सांगतो. सवड काढून अलिबागजवळ सासवण्याला जा. विनायक पांडुरंग करमरकरांच्या (१८९१–१९६७) राहत्या घरातच त्यांची शिल्पं मांडली आहेत. गावातली माणसं, जनावरं, सगळं हाताच्या अंतरावर. त्यांनी सिमेंटमध्येही इतकं मऊ काम केलंय की बोट लावून बघावंसं वाटतं.

नवा_गडी
माझा भाबडा प्रश्न. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' आपण म्हणतो. पण वरचं सगळं वाचून वाटतंय घाव दगडापेक्षा घालणाऱ्यालाच जास्त बसतात?

पेणकर
नवा गडी, कोपर आणि मनगट विचारा कुठल्याही पाथरवटाला.

मिलानकर_अनघा
मी मिलानला राहते. वैजूने ज्या शेवटच्या शिळेचा उल्लेख केला ती इथे आहे, स्फोर्झा किल्ल्यात. रोंदानिनी पिएता म्हणतात. घरापासून चालत वीस मिनिटं, त्यामुळे वर्षातून तीनचारदा तरी जाते. तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

मेलेला येशू आणि त्याला मागून धरलेली मेरी. दोघं उभी. आधीच्या रचनेत येशूचं शरीर चांगलं भरीव, स्नायूदार होतं. त्याचे पाय तसेच शिल्लक आहेत, गुळगुळीत, पूर्ण झालेले. मग म्हाताऱ्याने वरचं सगळं तोडलं आणि मेरीच्या अंगातून नवीन येशू कोरायला घेतला. म्हणजे जिथे तिचा खांदा होता तिथे आता त्याचं डोकं. दगड कमी, म्हणून दोघं काडीसारखी बारीक, एकमेकांत मिसळलेली. कोण कुणाला धरतंय ते कळत नाही. आणि बाजूला जुन्या येशूचा उजवा हात अजून तसाच उभा आहे, कुठल्याच शरीराला न जोडलेला. तो एकटा हात इतका सुंदर आहे! नस न् नस दिसते.

चोविसाव्या वर्षी ज्याने व्हॅटिकनमधली पिएता आरशासारखी घासून पूर्ण केली, सही केलेलं त्याचं एकमेव काम, तोच माणूस सत्तरी-ऐंशीत त्याच विषयाकडे परत येतो आणि पूर्ण झालेलं तोडतो.

रात्री झोप येत नसे तेव्हा तो कामाला उठायचा. जाड कागदाची टोपी, त्यावर बकऱ्याच्या चरबीची मेणबत्ती रोवलेली, म्हणजे उजेड डोक्याबरोबर फिरेल आणि दोन्ही हात मोकळे. हे वसारीने सांगितलंय. दुपारी चार वाजता दिवाळीच्या सुमारास गेलं तर त्या खोलीत खिडकीतून तिरपा उजेड येतो. तेव्हा मेरीच्या कपाळावर छिन्नीचे ओरखडे उठून दिसतात आणि तिचा चेहरा दोन जागी कोरलेला कळतो, एक समोर, एक किंचित बाजूला. त्याचं ठरत नव्हतं. शेवटपर्यंत ठरत नव्हतं.

सुमेधा_जो
अनघा, परत परत वाचला प्रतिसाद.

मृण्मयी
मी तर म्हणेन, चांगलं झालेलं काम तोडणं हा शेवटी अहंकारच. फ्लॉरेन्सची पिएताही त्याने रागाच्या भरात हातोड्याने फोडली होती ना? स्वतःच्या थडग्यासाठी केलेली. नोकराने विनवून तुकडे मागून घेतले म्हणून वाचली.

शिल्पी_सांगली
मृण्मयीताई, हीच गोष्ट आम्हाला कॉलेजात सांगितली होती. पण त्या पिएतावर २०१९ ते २०२१ या काळात साफसफाई आणि तपासणीचं मोठं काम झालं, त्यात चित्र बरंच बदललं. दगड कारारातला नाही, सेरावेझ्झाचा निघाला. त्याच खाणी, जिथे त्याची ती वर्षं गेली. दगडात बारीक चिरा सापडल्या, पायापाशी एक चीर तर समोरून मागपर्यंत गेलेली. आणि पायराइटचे कण. वसारीने लिहून ठेवलं होतं की या दगडातून ठिणग्या उडायच्या. चारशे-साडेचारशे वर्षांनी कारण सापडलं. हातोड्याने फोडल्याच्या खुणा मात्र तपासणीत मिळाल्या नाहीत. नंतर दुरुस्ती करणाऱ्या शिष्याने त्या पुसल्या असतील हीही शक्यता आहे.

मला तो अहंकार वाटत नाही. चिरेचा दगड हातात आलेल्या माणसाचं काय होतं ते मी भोगलंय. आठ वर्षं काम करायचं आणि मग दगडच सांगतो, आता पुढे नाही.

मृण्मयी
हे मला माहीत नव्हतं. अहंकार हा शब्द मागे घेते. निराशा म्हणू या.

भूगर्भ
पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक. पोलाद त्यावर आपटलं की ठिणगी उडणारच. वसारीच्या वर्णनाला खनिजशास्त्राचा असा दुजोरा मिळालेला बघून फार आनंद झाला.

कातळ
आता मूळ प्रश्न. दगड, देव की हट्ट?

मला एक नोंद सापडली. सिस्टिनच्या छताच्या कामाचे पहिले ५०० डुकात (सोन्याची नाणी) त्याला मिळाले, १० मे १५०८. पावतीसारखी नोंद त्याने स्वतः लिहिलीय: मी, मायकलअँजेलो, *शिल्पकार*, याला चित्रकामापोटी इतके मिळाले. जगातलं सर्वांत मोठं चित्रकाम अंगावर घेताना माणूस स्वतःला चित्रकार म्हणत नाही. याला मी हट्ट नाही म्हणणार. आपलं गाव कुठलं विचारल्यावर, मुंबईत पन्नास वर्षं काढलेला माणूस जसा कोकणातल्या वाडीचं नाव सांगतो, तसं आहे ते.

पेणकर
कातळ, पटलं. गाव.

राहाता_एक
माझं मत देवाच्या बाजूने. मेरी आणि मेलेला मुलगा, चोविसाव्या वर्षीही तेच आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही तेच. वारकरी दरवर्षी त्याच वाटेने जातो, त्याला कुणी विचारत नाही यंदा वेगळी वाट का नाही घेतली.

वैजू_क
इतक्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती. सगळ्यांचे खूप खूप आभार. मला अजून एकच एक उत्तर मिळालेलं नाही, पण प्रश्न मात्र नीट कळला. त्या कैद्यांसमोर मला वाटलं होतं की काम *राहिलं*. आता वाटतंय, त्याला पुढचा घाव कुठे घालायचा ते माहीत होतं आणि तरी तो थांबला, किंवा माहीत नव्हतं म्हणून थांबला, आणि या दोन्हींत किती अंतर आहे!

काल आईला फोन करून विचारलं, टाकीवालीचं नाव काय होतं. आईला आठवत नाही. पण जातं अजून आहे, मागच्या पडवीत तुळशीच्या कुंडीखाली. आईने कुंडी उचलून पेठावरून हात फिरवला. म्हणाली, अजून बोटाला लागतात घाव.

शिल्पी_सांगली
धागा वर काढतोय, तीन आठवड्यांनी.

अंगणातली शिळा आज सकाळी उभी केली. दोन पोरं आणि चेन-ब्लॉक. करड्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी हातोडीने वाजवत गेलो. वर स्वच्छ, मधे स्वच्छ, खालच्या वीतभर भागात आवाज जरा जड. तेवढा भाग बैठकीत घालवता येईल असं वाटतंय. दुपारी टोकदार छिन्नीने उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. काय करतोय ते अजून सांगत नाही.

पेणकर
दादा! पहिल्या कपच्याचा फोटो टाका.

भूगर्भ
खाली उतराल तेव्हा दर चार बोटांवर पाणी मारून बघा. चीर असेल तर बाकी दगड सुकल्यावरही ती ओली राहते.

शिल्पी_सांगली
हो काका. आजच मारून बघितलं. सगळं एकदम सुकलं, खाली उजवीकडे एक करंगळीएवढी जागा सोडून. तिथे खडूने गोल करून ठेवलाय.